आई दिवस मावळल्यावर येते

दिवाळीच्या मागेपुढे पुरंदर, बारामती, इंदापूरच्या माळांवरचं गवत वाळायला लागतं. मारवेल, कुसळी पिवळी पडते आणि वैरणीसाठी कापणी सुरू होते. खाली शेतांत बाजरी निघालेली असते, रब्बी ज्वारीत बायकांची खुरपणी चाललेली असते, ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या फडांवर उतरत असतात. याच दिवसांत कुणाच्या तरी विळ्यापासून वीतभर अंतरावर मातीच्याच रंगाचं काहीतरी दिसतं. हलत नाही, ओरडत नाही, पळत नाही. डोळे मात्र टक्क उघडे. सशाचं पिल्लू.

मग फोन लागतो. कधी गावच्या वनरक्षकाला, कधी ओळखीच्या सर्पमित्राला, कधी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर. प्रश्न ठरलेला असतो : "पिल्लू सापडलंय, आई कुठं दिसत नाही. काय करू?"

संपादकांनी या वर्षी ‘शुश्रूषा’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या मनात हाच प्रश्न आला. दवाखाने, परिचारिका, घरातलं म्हातारं माणूस, यांवर लिहिणारे जाणते लोक या अंकात असतीलच. मला पाहायचा होता तो असा रुग्ण, ज्याला शुश्रूषा करणारं माणूसच सगळ्यांत मोठं संकट वाटतं. माणसाचा हात लागला की ज्याचं काळीज फुटायची वेळ येते, त्याला औषध कसं द्यायचं, दूध कसं पाजायचं, आणि पुन्हा रानात जाण्याइतकं रानटी कसं ठेवायचं? म्हणून पुणे जिल्ह्यातल्या एका वन्यप्राणी उपचार केंद्रात जात-येत राहिले, आणि तिथल्या लोकांबरोबर शेतांतही गेले.

उघड्यावरचं बाळंतपण

आधी एक घोळ निस्तरायला हवा, कारण त्यापायी पिल्लं मरतात. दुकानात पिंजऱ्यात मिळतो तो पांढरा, लाल डोळ्यांचा ससा आणि आपल्या माळावरचा ससा या दोन वेगळ्या जाती आहेत. पाळीव ससा मूळचा युरोपातला. तो बीळ खणतो, मादी बिळात विते, आणि त्याची पिल्लं उघडीनागडी, डोळे मिटलेली जन्मतात. आपला रानससा बीळ खणत नाही. गवतात किंवा ढेकळांच्या आडोशाला अंग मावेल एवढा खळगा करून तो दिवसभर बसून राहतो. त्याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. पाळीव सशाची गुणसूत्रं 44, रानसशाची 48. या दोघांचा संकर होत नाही. त्यामुळे "आमच्याकडं पांढरी ससीण आहे, तिच्याजवळ ठेवतो" हा प्रेमळ उपाय कामाचा नाही. ती त्याला पाजत नाही, उलट तिच्या अंगावरचे आजार त्याला लागू शकतात.

आपल्या सशाचं शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकोलिस. तो भारतभर आहे, श्रीलंकेत आहे. मादी वर्षभरात कधीही विते, पावसाळ्यात जास्त. एका वेळी एक, दोन, क्वचित तीन-चार पिल्लं. आणि मग ती जे करते ते माणसाच्या आईपणाच्या कल्पनेत बसत नाही. ती निघून जाते.

युरोपातल्या तपकिरी सशाचा याबाबतीत बारकाईनं अभ्यास झाला आहे. जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच पिल्लं एकमेकांपासून पांगतात आणि प्रत्येक जण आपापला आडोसा धरून निपचित बसतो. सूर्य मावळल्यानंतर थोड्याच वेळात ती जन्मजागेपाशी पुन्हा गोळा होतात. आई येते, काही मिनिटं पाजते, आणि जाते. चोवीस तासांत एकदाच. आपल्या माळांवर पिल्लं परत ठेवण्याचं काम करणाऱ्यांनाही हेच दिसतं : दिवसा आई फिरकत नाही, अंधार पडता पडता येते.

यामागचं गणित सरळ आहे. माळावर लांडगा आहे, कोल्हा आहे, खोकड आहे, रानमांजर आहे, वर आभाळात गरुड आहेत. मोठ्या सशाच्या अंगाला वास असतो, त्याच्या येण्याजाण्याची वाट पडते. इवल्या पिल्लाला वास जवळजवळ नसतोच. आई जितकी लांब, तितकं पिल्लू सुरक्षित. पाजताना ती पिल्लाला चाटून त्याची लघवीही स्वतः गिळून टाकते, म्हणजे जागेवर माग राहत नाही. दिवसभर एकटं बसलेलं, न हलणारं, आई जवळ नसलेलं पिल्लू म्हणजे व्यवस्थित सांभाळलं जात असलेलं पिल्लू. आपण त्याला पोरकं समजून उचलतो.

फोनवरचे प्रश्न

केंद्रात फोन घेणारी मुलगी पंचविशीतली. ती एकदम "आणा" म्हणत नाही. तिचे प्रश्न ठरलेले आहेत. कुठं सापडलं? किती वाजता? जखम दिसते का, रक्त आहे का? अंगावर माश्या घोंघावतात का? हाताला गार लागतं की गरम? कुत्र्यानं किंवा मांजरानं तोंडात धरलं होतं का? जवळपास मेलेली मादी आहे का? पिल्लू उचलून किती वेळ झाला? काही पाजलं का?

शेवटच्या दोन प्रश्नांना बहुतेक लोक अडखळतात.

"दादा, हात लागला म्हणून काळजी करू नका. आई वासामुळं टाकत नाही. जिथनं उचललं, त्याच जागी ठेवा," हे वाक्य ती दिवसातून कितीदा तरी म्हणते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते, ही समजूत इतकी पक्की रुजली आहे की लोक हात लागल्यावर नाइलाजानं पिल्लू घरी नेतात. सशाच्या बाबतीत ही समजूत खोटी आहे.

पुरंदर तालुक्यातल्या एका ज्वारीच्या रानात मी हे होताना पाहिलं. खुरपणाऱ्या बायकांपैकी एकीला बांधाजवळ पिल्लू दिसलं होतं. तिच्या नातवानं ते दप्तरात घालून घरी न्यायचं ठरवलं होतं. वनरक्षक आणि केंद्रातला एक कार्यकर्ता पोचले तेव्हा पिल्लू तिच्या पदरात होतं आणि भोवती दहा-बारा माणसं वाकून बघत होती. कार्यकर्त्यानं आधी माणसं लांब केली. मग पिल्लू तळहातावर घेऊन पाहिलं : अंग उबदार, पोट टणक नाही, नाक कोरडं, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर येते, म्हणजे अंगात पाणी आहे. मग त्यानं मावशींना विचारलं, "नेमकं कुठं होतं?"

"हितंच, या धसाच्या मागं," मावशी म्हणाल्या. बाजरीचा कापून राहिलेला बुडखा तिथं होता.

पिल्लू तिथंच, पण बांधावरच्या न कापलेल्या गवतात, चार पावलं आत सरकवून ठेवलं. जवळ एक काठी रोवून तिला फडकं बांधलं. त्या तुकड्यातली खुरपणी उद्यावर ढकलायची आणि वस्तीवरची कुत्री रात्री बांधून ठेवायची, एवढं मावशींनी कबूल केलं. नातू रुसला. त्याला गप्प करण्यासाठी कार्यकर्त्यानं त्याच्याच हातून झाडाच्या बुंध्याला एक छोटा कॅमेरा बांधून घेतला, उष्ण रक्ताचं काही समोरून हललं की आपोआप टिपणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेऱ्यातली चित्रं त्या पोराला आधी दाखवली. पावणेसातच्या सुमाराचं पहिलं चित्र : मोठी मादी, कान ताठ, मान वळलेली, गावाच्या दिशेला बघणारी. पुढच्या चित्रात ती मागच्या पायांवर जरा उंच होऊन बसलेली आणि तिच्या पोटाखाली दोन पिल्लं. दोन. दुसरं आम्हां कुणाला दिसलंच नव्हतं, ते त्या सगळ्या गर्दीत कुठंतरी दहा-वीस पावलांवर बसून राहिलं असणार. नंतरच्या दोन-तीन चित्रांत ती तशीच बसलेली, फक्त कानांची दिशा बदललेली. मग मोकळं गवत.

जुन्नर भागात हेच काम बिबट्यांच्या बछड्यांसाठी चालतं, आणि त्याची बातमी होते म्हणून लोकांना ते माहीत आहे. ऊसतोडीत बछडी सापडली की वनविभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर त्यांना तपासतात, संध्याकाळी त्याच फडात खोक्यात ठेवतात, आणि आई रात्री येऊन तोंडात धरून घेऊन जाते. सशाची आई पिल्लू तोंडात धरून नेत नाही. म्हणून सशाच्या बाबतीत जागा आणखी काटेकोरपणे तीच लागते. दुसऱ्या गावात उचलून नेलेलं पिल्लू संध्याकाळी कुठल्या जागी परत येणार?

दूध

जी पिल्लं खरोखरच केंद्रात यावी लागतात, त्यांची कारणंही ठरलेली असतात. आई रस्त्यावर गाडीखाली आलेली. कुत्र्यांनी पिल्लू तोंडात धरलेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये माळाला वणवा लागलेला. पिल्लाचा जगण्याचा सगळा डाव न हलण्यावर उभा आहे, आणि आगीपुढे नेमका तोच डाव उलटतो. आणि एक कारण असं, की ते चार दिवसांपूर्वी कुणाच्या तरी घरी गेलेलं असतं आणि आता जागा सांगता येत नसते.

या शेवटच्या पिल्लांची अवस्था बहुधा सगळ्यांत वाईट असते, आणि ती दुधामुळे.

गाईच्या दुधात स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास, दुधातली साखर पाच टक्क्यांच्या जवळ. सशाच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं दोन्ही दहा टक्क्यांच्या वर, आणि साखर अगदी नावापुरती. चोवीस तासांत एकदाच पाजायचं तर दूध असं घट्टच हवं. गाईचं दूध पाजलं की पिल्लाला ताकद कमी मिळते आणि न पचलेली साखर आतड्यात आंबते. पोट फुगतं, जुलाब लागतात. एवढ्याशा जिवाला जुलाब एका रात्रीत संपवू शकतात.

दुधाचं काम इथंच संपत नाही. पाळीव सशांवर 1960च्या दशकात झालेल्या संशोधनात एक विलक्षण गोष्ट पुढे आली. आईचं दूध पिल्लाच्या जठरात पोचलं की त्यातून ऑक्टॅनॉइक आणि डेकॅनॉइक ही दोन स्निग्धाम्लं सुटी होतात, आणि ती जंतू मारतात. दूधपित्या पिल्लाच्या जठरातलं आम्ल अजून मोठ्यांइतकं तीव्र झालेलं नसतं. तोवर हे तेलच त्याचं पोट राखतं. दुसऱ्या कुठल्याही दुधातून हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे हातानं वाढवलेलं पिल्लू पहिल्या घोटापासून उघड्यावर असतं. केंद्रातली स्वच्छता मी पाहिली ती या माहितीनंतर, आणि मग तिचा अर्थ कळला : प्रत्येक पिल्लाची वेगळी सिरिंज, प्रत्येक वेळी उकळलेली, उरलेलं दूध फेकून दिलेलं, हात धुतलेले, हातमोजे बदललेले.

पाजण्याचं काम ज्या ताई करतात त्यांनी मला दाराशीच सांगितलं, "आत बोलायचं नाही. फोन बाहेर ठेवा. आणि पिल्लू बघून ‘अगं बाई’ म्हणू नका."

खोली अंधारी होती. फडक्यानं झाकलेल्या खोक्यात पिल्लू सुक्या गवतात बसलं होतं. खाली एका बाजूलाच गरम पाण्याची बाटली, कापडात गुंडाळलेली, म्हणजे ऊब जास्त झाली तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता यावं. ताईंनी आधी त्याचे कान चाचपले. गार पिल्लाला कधीच पाजत नाहीत. अंगात ऊब नसेल तर आतडं चालत नाही आणि दूध आत तसंच पडून नासतं. कान उबदार होते. मग पिल्लू छोट्या वजनकाट्यावर : 138 ग्रॅम. वहीत आदल्या दिवशीचा आकडा 133. वहीत पिल्लांना नावं नाहीत, क्रमांक आहेत.

दूध होतं मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरीचं, ठरल्यापेक्षा थोडं घट्ट कालवलेलं. पावडर नसेल तेव्हा शेळीचं दूध वापरतात. सिरिंज एक मिलिलिटरची, आणि तिच्या टोकाला सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, अर्धा इंच कापून, उकळून बसवलेली. पिल्लू बसतं तसंच बसलेलं, पुढचे पाय टेकलेले, डोकं नैसर्गिक उंचीला. ताईंनी त्याला उताणं केलं नाही. माणसाच्या बाळासारखं आडवं धरून पाजलं की दूध श्वासनलिकेत उतरतं, दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो, आणि लोकांना वाटतं पिल्लू अचानक गेलं. ओठाच्या कडेला एक थेंब. पिल्लानं तो चाटला. पुन्हा एक थेंब. गळ्याखाली घोट उतरल्याची हालचाल दिसली की पुढचा. नाकाशी बुडबुडा आला असता तर लगेच थांबायचं होतं. तो आला नाही. ठरलेला घोट होण्याआधीच पिल्लानं तोंड फिरवलं आणि ताईंनी सिरिंज बाजूला ठेवली.

"अजून थोडं घेईल ना?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"घेईल. पण उपाशी राहिलेलं वाचवता येतं, जास्त झालेलं नाही."

पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पोटाखालून हलकेच पुसायचं, आई चाटते त्या जागी. एवढं केल्याशिवाय तान्हं पिल्लू लघवी करत नाही. मग परत खोक्यात, परत फडकं. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं. आईलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. पावडरीचं दूध आईच्या दुधाइतकं कसदार नाही, म्हणून ताईंना हे दिवसातून दोन-तीनदा करावं लागतं. त्याहून जास्त वेळा खोक्याचं झाकण उघडायचं नाही, हा तिथला नियम आहे.

आठवडा-दीड आठवड्याचं पिल्लू गवत कुरतडायला लागतं, आणि तिथून दुसरी लढाई सुरू होते. सशाचं गवत पचतं ते लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या मोठ्या पिशवीत, अंधनालात. ही पिशवी म्हणजे गोबरगॅसची टाकीच : आत लाखो-करोडो जिवाणू, ते गवत आंबवतात आणि त्यातून सशाला पोषण मिळतं. ही टाकी आधी चालू करावी लागते. रानात हे विरजण मोठ्यांच्या लेंड्यांतून पिल्लाच्या पोटात जातं. ससे दोन प्रकारच्या लेंड्या टाकतात. कोरड्या आपल्याला माळावर दिसतात. मऊ, चिकट लेंड्या दिसत नाहीत, कारण ससा त्या थेट खाऊन टाकतो, आणि दुसऱ्या फेरीत त्यातलं उरलेलं सत्त्व काढून घेतो. केंद्रात निरोगी मोठा ससा असेल तर त्याची मऊ लेंडी मिळवून पिल्लाला देतात. नसेल तर रानातलं ताजं, न फवारलेलं गवत लवकर आणि भरपूर ठेवतात. हरळी, मारवेल, मुळासकट, मातीसकट. गाजर आणि कोबी मी तिथं पाहिला नाही. गाजर खाणारा ससा चित्रात असतो. माळावरच्या सशानं गाजर पाहिलेलं नसतं, आणि गोड, पाणीदार खाणं त्या टाकीचं विरजण बिघडवतं.

धास्ती

मोठा ससा दवाखान्यात येतो तो बहुधा कुत्र्यांच्या तोंडातून, जाळ्यातून किंवा रस्त्यावरून. रात्री गाडीच्या दिव्यापुढे तो बावचळतो, उजेडाच्या पट्ट्यातच धावत राहतो. मोटारसायकलवर बॅटऱ्या घेऊन फिरणारे शिकारी याच सवयीचा फायदा घेतात. 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानं सशाची शिकार आणि त्याला घरी ठेवणं दोन्ही गुन्हा आहे, पण माळावर रात्री कोण बघतंय?

पिल्लू वाढवण्यापेक्षा मोठा ससा बरा करणं अवघड. डॉक्टरांनी मला तपासणी पाहू दिली ती काचेपलीकडून. ससा पोत्यात आणला होता. पोतं टेबलावर ठेवून त्यांनी आधी खोलीतला पंखा बंद केला, उजेड कमी केला. मग पोत्याचं तोंड उघडता उघडता जाड टॉवेल आत सरकवला आणि ससा टॉवेलसकट बाहेर आला, डोळे झाकलेले, मागचे पाय पोटाशी दुमडून हाताखाली दाबलेले. ही पकड महत्त्वाची. सशाच्या सगळ्या हाडांचं वजन शरीराच्या सात-आठ टक्केच. मांजरात ते बारा-तेराच्या घरात असतं. हलकी हाडं आणि मागच्या पायांत प्रचंड ताकद. हवेत लटकलेल्या सशानं एकदा जोरानं लाथ झाडली तर त्याच्याच लाथेनं त्याची कंबर मोडू शकते. कान धरून उचललेले ससे आपण चित्रपटांतून, बाजारातून पाहिले आहेत. त्यांच्यावर काय बेतत असेल हे त्या टेबलाशी कळलं.

जखमा बाहेरून छोट्या दिसतात. कुत्र्या-मांजराचा सुळा केसांखाली टोचून आत जातो आणि वर काहीच राहत नाही. दोन दिवसांत तिथं पू होतो, उन्हाळ्यात अळ्या पडतात. म्हणून केस कापून कातडी बोटांनी इंच-इंच चाचपावी लागते. औषधांचीही अडचण आहे. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात हमखास असणारं अमॉक्सिसिलिन सशाला तोंडानं दिलं तर ते त्याच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतं, त्यांची जागा विषारी जिवाणू घेतात, आणि जखमेतून वाचलेला ससा औषधानं मरतो. हे कळल्यावर घरगुती उपचार करणाऱ्या भल्या माणसांची मला फार भीती वाटायला लागली.

"याला सगळ्यांत आधी काय देता?" मी डॉक्टरांना विचारलं.

"वेदनाशामक आणि अंधार. दुखलं की हा खात नाही. घाबरला की खात नाही. खाल्लं नाही की आतडं थांबतं, गॅस धरतो, गॅसमुळं आणखी दुखतं. ससा ओकू शकत नाही, त्यामुळं आत गेलेलं तिकडनंच बाहेर पडायला हवं. त्या फेऱ्यात एकदा अडकला की मग जखम कितीही छान शिवलेली असो."

सशांच्या खोलीला जाळीचे पिंजरे नाहीत. घाबरलेला ससा जाळीवर झेप घेतो आणि नाक-तोंड फोडून घेतो. म्हणून भिंती हिरव्या शेडनेटच्या, सैलसर ताणलेल्या. आत गवताच्या पेंढ्यांचा आडोसा. शेजारच्या खोलीत कुत्रा, मांजर, शिकारी पक्षी ठेवत नाहीत. त्यांचा वासही याला पुरेसा आहे.

त्या दिवशीच्या सशाच्या मागच्या पायांच्या बोटांना डॉक्टरांनी चिमट्यानं दाबलं. पाय हलला नाही. आणखी जोरानं दाबलं. मान वळली नाही, कान फिरले नाहीत. क्ष-किरण चित्रात कंबरेचा मणका तुटलेला स्पष्ट दिसत होता. डॉक्टरांनी दोन मिनिटांत निर्णय घेतला आणि त्याला भूल देऊन कायमचं झोपवलं. मागच्या पायांवाचून ससा माळावर एक रात्र काढू शकत नाही, आणि पिंजऱ्यात तो रोज मरणार. मला हा निर्णय शुश्रूषेचाच भाग वाटला.

माणसाळलेले ससे

हातावर वाढलेल्या सशांची सगळ्यांत प्रसिद्ध हकिगत इंग्लंडची आहे. कवी विल्यम काउपर मनाच्या गंभीर आजारातून सावरत होता, तेव्हा 1774 साली शेजारच्या मुलांकडं हेळसांड होत असलेलं सशाचं पिल्लू त्यानं घेतलं. पुढे त्याच्याकडं तीन ससे झाले : पुस, टायनी आणि बेस. तिघेही नर. 1784 साली त्यानं ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं. पुस आजारी पडला तेव्हा काउपरनं त्याची सेवा केली आणि पुस त्याचा हात चाटू लागला. टायनीचीही त्यानं तितकीच सेवा केली, पण तो शेवटपर्यंत फटकूनच राहिला. पुस जवळजवळ बारा वर्षं जगला. अलीकडे क्लोई डाल्टन या ब्रिटिश लेखिकेनं महासाथीच्या काळात एक पिल्लू वाढवलं, त्याला नाव दिलं नाही, कोंडलं नाही, दार उघडं ठेवलं. तो ससा शेतात जायचा आणि परत घरात यायचा. त्यावरचं तिचं पुस्तक 2024 साली आलं.

मला या दोन्ही हकिगती आवडतात. पण आपल्याकडे तसं करायला कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्य आहे असं माझं मत झालं आहे. डाल्टनच्या दाराबाहेर मोकळी कुत्री नव्हती. आपल्या वस्त्यांभोवती ती आहेत, आणि माणसाला न भिणारा ससा त्यांच्यापुढे दोन दिवस टिकणार नाही. केंद्रातल्या ताई पिल्लाशी बोलत नाहीत, त्याला कुरवाळत नाहीत, छायाचित्रं काढत नाहीत. त्यांना माया नाही असं कुणी म्हणू नये. रात्री दोनला उठून त्या खोक्याची ऊब बघतात.

सोडणं

दूध सुटलं की पिल्लू मागच्या आवारातल्या कुंपणात जातं. तिथं गवत वाढू दिलेलं आहे, वरून जाळी आहे, आणि माणूस दिवसातून एकदाच, चारा टाकायला येतो. तिथं त्याची परीक्षा होते. माणूस दिसताच ते आडोशाला दबलं पाहिजे, आणि जवळ गेलं की उसळून पळालं पाहिजे. जे पिल्लू उभं राहून बघतं, त्याचा मुक्काम लांबतो आणि चारा टाकायलाही माणूस पडद्याआडून जातो.

सोडायची जागा शक्यतो सापडलेल्या जागेजवळची, गवत असलेली, वाहत्या रस्त्यापासून लांब. वेळ संध्याकाळची, म्हणजे पुढची सगळी रात्र नवी जागा हुंगायला मिळते. खोका गवतात आडवा ठेवून झाकण काढायचं आणि मागं सरायचं. ओतायचं नाही, हुसकायचं नाही. मी पाहिलेलं पिल्लू बराच वेळ बाहेर आलंच नाही. आलं तेव्हा दोन उड्या मारून पुन्हा दबून बसलं आणि गवतात दिसेनासं झालं. वनरक्षकानं नोंदवहीत जागा, वेळ आणि वजन लिहिलं.

एक प्रश्न मला जाणकारांनीच विचारला. ससा काही दुर्मीळ नाही. जागतिक यादीत त्याची नोंद ‘चिंता नसलेल्या’ प्राण्यांत आहे. पन्नास पिल्लं वाचवली काय नि नाही काय, माळावरच्या सशांच्या संख्येला काय फरक पडतो? एवढा खर्च गवताळ माळ राखण्यावर करा. यातलं अर्धं मला पटतं. माळ हाच खरा इलाज आहे. आपल्या दप्तरात तो पडीक जमीन म्हणून लागतो, त्यावर चर खणून झाडं लावली जातात, वसाहती उठतात, आणि मग लांडगा, खोकड, ससा, सगळ्यांचीच ससेहोलपट होते. पण केंद्रात येणारी जवळजवळ प्रत्येक जखम माणसाच्या रस्त्याची, कुत्र्याची, जाळ्याची किंवा आगीची आहे. ती आपण केली आहे, तर ती पुसायची जबाबदारी संख्येचा हिशेब करून टळत नाही. आणि व्यवहाराचं सांगायचं तर सशाला जिवंत ठेवायला शिकलेला डॉक्टर चौशिंग्याच्या आणि चिंकाऱ्याच्या पाडसालाही वाचवू शकतो. तीही अशीच गवतात दबून बसतात, अशीच उचलली जातात, अशीच धास्तीनं मरतात. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं उपचार केंद्र आहे, गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. पण जखमी प्राणी तालुक्याच्या ठिकाणी सापडतो, आणि तिथल्या पशुवैद्यकाचा दिवस गाई-म्हशींत जातो. त्याच्या हाताशी निदान ही एवढी माहिती आणि छोटा वजनकाटा तरी असावा.

ऊसतोडीच्या टोळ्या उतरायच्या आधी त्या भागातले वनरक्षक आता मुकादमांना गाठून बिबट्याच्या बछड्यांविषयी सांगतात. सशाचं सांगणं त्यातच जोडून घ्यावं असं केंद्रातल्या लोकांनी सुचवलं आहे. सांगायचं फार नाही : पिल्लू दिसलं तर उचलू नका, तेवढा तुकडा शेवटी कापा, पाचट पेटवण्याआधी कडेनं एकदा हिंडून या.

पुरंदरच्या त्या मावशींना मी नंतर विचारलं, ससा हरभऱ्याचे शेंडे खातो, तुमचं नुकसान होत नाही का?

"होतं की. कवळा हरभरा लई खातंय. आमचे मालक वरडत्यात," त्या म्हणाल्या. "पर खुरपायच्या आधी मी आता बांधाच्या कडंनं काठी आपटत न्हाई. आधी वाकून बघती."